कर्ज विभागातले मामा

३ फेब्रुवारी २०१६

मामा, वाकून नमस्कार.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही पदरचं घालता. मागच्या वेळी मी सर्दीचं सांगितलं आणि तुम्ही आईला कळवलंत की मी नोकरी सोडली. म्हणून पत्र.

तर आम्ही घर बघितलंय. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करणारे, त्यांनी आधी वर जाऊन लिफ्टचं मशीन बघितलं आणि मग घर. मी भिंती बोटाने वाजवून बघितल्या. दोघांचंही समाधान झालंय, अडलंय ते कर्जापाशी.

महिनाभर मी माहिती गोळा करतेय, आणि जितकी माहिती वाढते तितकं डोकं रिकामं होत चाललंय. इंटरनेटवर हप्ता काढून देणाऱ्या पाच जागा सापडल्या, पाचांनी पाच हप्ते सांगितले. बिल्डरचा माणूस म्हणतो बदलता व्याजदर घ्या. यांचा सुपरवायझर म्हणतो, बदलत्या दराने त्याच्या मेव्हण्याचं वाटोळं केलं. एका बँकेत पहिली दोन वर्षं व्याज अगदी कमी आहे. पुढे काय, असं विचारलं की समोरचा माणूस टाय सारखा करतो. जो तो शहाणा, आणि प्रत्येकाचं कुठे ना कुठे कमिशन.

यांचं म्हणणं, बाजारात एक सल्लागार बाई बसतात, त्या बँकेकडून काही घेत नाहीत, आपल्याकडूनच फी घेतात, म्हणून खरं सांगतात. मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? सख्खा मामा एकतीस वर्षं कर्ज विभागात बसून रिटायर झालेला असताना परक्या बाईला फी द्यायची? त्यांना ते फारसं पटलं नाही, पण गप्प बसले. तुम्ही सांगाल ते करणार. ठरलेला दर घेऊ, की ते दोन वर्षांचं स्वस्त? बिल्डरला महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

तुमची ठमी


१२ फेब्रुवारी २०१६

ठमाबाई, अनेक आशीर्वाद, आणि महिनाभर गावभर विचारत हिंडलीस त्याबद्दल एक चापट.

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, काही बोलली नाही.

आता नीट वाच. दोन वर्षांचं स्वस्त घे. सुरुवातीच्या काळात हप्त्याचा भार हलका राहिल्याने कुटुंबास स्थिरस्थावर होण्यास पुरेसा अवधी मिळतो. त्यानंतर दर बाजाराप्रमाणे होतो, म्हणजे वर जाईल तसा खालीही येईल. बाजार काय एका पायावर उभा राहतो थोडाच. ठरलेला दर हा भित्र्या माणसांसाठी. इतकी वर्षं जवळून बघितलंय, माणसं भीतीपोटीच जास्त व्याज भरतात.

फी-बीच्या भानगडीत पडू नका. जावईबापूंना म्हणावं, लिफ्ट अडकली की मी त्यांना विचारीन, कर्ज अडलं की त्यांनी मला विचारावं. पेढीवरच्या बाया-बुवांपेक्षा आपला माणूस बरा.

मामा


२४ एप्रिल २०१६

मामा, नमस्कार.

हे पत्र नव्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरून लिहितेय, कारण टेबल अजून यायचंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणेच कर्ज घेतलं. हप्ता इतका हलका आहे की आम्ही पहिल्याच महिन्यात पडदे शिवून घेतले.

तुमचं पत्र मी कारखान्यात नेलं होतं. भिंगं घासणाऱ्या आम्ही चौदा जणी, त्यात निम्म्या घर बघतायत आणि सगळ्या गोंधळलेल्या. एकीने ते पत्र डब्याच्या खोलीत भिंतीवरच चिकटवलं. ‘कुटुंबास स्थिरस्थावर होण्यास’ हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. इतकं छान लिहिता, हे मला माहीतच नव्हतं.

आमच्या तपासणीच्या टेबलावर एक जण आहे, तिला सगळ्या मास्तरीण म्हणतात. केसाएवढा ओरखडा दिसला तरी भिंग परत पाठवते. औषधाच्या बाटलीवरचंही सगळं वाचते. ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच भाड्याच्या खोलीत राहतात. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक घर आहे, आईला जिना नको म्हणून ते तिच्या मनात भरलंय. तीही त्या फीवाल्या बाईंकडे निघाली होती. मी म्हटलं थांब, मामांना विचारते. तिनेही हेच घ्यायचं ना?

ठमी


३ मे २०१६

ठमे, आशीर्वाद.

ते पत्र आधी भिंतीवरून काढ. मामाने भाचीला लिहिलेलं आहे ते, जाहीर नोटीस नव्हे.

मास्तरीणबाईंना मी ओळखत नाही. पगार एकटीचा, घरात म्हातारी आई, त्यांचं गणित वेगळं असणार. त्यांनी त्या फीवाल्या बाईंकडे जरूर जावं. माझ्या भरवशावर राहू नये. एवढा निरोप त्यांना नक्की दे. विसरू नकोस.

मामीचा गुडघा बरा आहे.

मामा


२० मे २०१६

मामा, पत्र काढलं. मास्तरणीला निरोप दिला. तिचंही कर्ज झालं, जूनपासून हप्ता. तळमजल्यावरचं ते घर तिने घेतलं, खिडकीला जाळी लावायचं काम चालू आहे. टेबल आलं.

ठमी


१८ मार्च २०१८

मामा, नमस्कार.

खूप दिवसांनी लिहितेय, रागावू नका. बँकेकडून पत्र आलंय. एक एप्रिलपासून स्वस्त दर संपतो आणि नवा हप्ता जुन्याच्या जवळजवळ दीडपट आहे. मला वाटलं छपाईची चूक असेल. हे म्हणाले, चूक नाही. तेवढंच म्हणाले. अजून चार शब्द बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

स्कूटर विकली, तशीही ती खोकतच होती. रविवारी हे दुसऱ्या कंपनीच्या लिफ्ट बघायला जातात. तुम्ही काळजी करू नका, निभावून नेऊ. फक्त एवढंच सांगा, आता काही करता येतं का? बाजार खालीही येतो म्हणाला होतात, तो साधारण कधी येतो? तुमच्या खात्यात अजून कोणी ओळखीचं असेल तर विचाराल का?

मास्तरणीने माझं बँकेचं पत्र चार वेळा वाचलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केली. तिचा स्वस्त दर जूनमध्ये संपतो. तिचं कर्ज आमच्यापेक्षा मोठं आहे. मग कागद मला परत दिला. तुम्ही लवकर लिहा, म्हणजे तिलाही सांगता येईल.

ठमी


२६ एप्रिल २०१८

ठमे,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं ठमे.

मी कर्ज विभागात कधीच नव्हतो. मी जावक टेबलावर होतो. बँकेतून बाहेर जाणारी पत्रं घडी घालायची, पाकिटात घालायची, पत्ता तपासायचा, वहीत नोंद करायची, हे माझं काम. आमच्या टेबलाला जागा नव्हती म्हणून ते कर्ज विभागाच्या दारातून आत, कपाटामागे टाकलेलं होतं. तुझी आई एकदा विसरलेला डबा द्यायला आली, तिने दारावरची पाटी वाचली आणि घरभर झालं. मी हसलो. दुरुस्त करायला एक मिनिट लागलं असतं, एकतीस वर्षांत मला ते मिनिट सापडलं नाही. लग्नाकार्यात लोक मला बाजूला घ्यायचे, ‘जरा विचारायचं होतं’ म्हणून खुर्ची पुढे सरकवायचे. ती खुर्ची मला आवडायची. भावजी शाळेत मुख्याध्यापक, धाकटा इंजिनियर, आणि मी पाकिटं चिकटवणारा, हे कोणाला सांगायचं?

तुझं पहिलं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मामी काही बोलली नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं. ती म्हणाली होती, ‘पोरीच्या घराचा प्रश्न आहे, तुम्हाला त्यातलं कळत नाही असं सरळ लिहा.’ मी म्हटलं, बघू. मग तुझ्या बँकेच्या इथल्या शाखेत गेलो आणि काउंटरवरचं रंगीत पत्रक उचलून आणलं. तुझ्या मैत्रिणींना पाठ झालेलं वाक्य त्यातलं आहे. पुढच्या पानावर हसरं कुटुंब होतं, ते पान मी उतरवलं. मागचं पान बारीक अक्षरात होतं, त्यासाठी उठून दुसरा चष्मा आणावा लागला असता. मी उठलो नाही.

‘व्याजदरातील बदल’ अशी पत्रं मीच हजारोंनी पाठवली आहेत. दर वाढला की टेबलावर ढीग पडायचा आणि आम्ही कुरकुरायचो की बोटं दुखली. पत्ता मी एकदाही चुकवला नाही. आत काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही.

तुझं मार्चचं पत्र येऊन पाच आठवडे झाले. रोज कागद पुढे घ्यायचा आणि पाणी प्यायला उठायचं, असं चाललं होतं. खाई त्याला खवखवे. परवा जेवताना मामीने विचारलं, ‘तुम्ही गप्प बसणार आणि हप्ते पोरीने भरायचे, असं किती दिवस?’ मग काल शाखेत गेलो, टोकन घेतलं, रांगेत बसलो. टेबलावरच्या मुलीने विचारलं, ‘आजोबा, कर्ज कोणाला हवंय?’ तिने मला बारा मिनिटांत सगळं समजावलं.

ती म्हणाली, स्वस्त मुदत संपल्यापासून साठ दिवसांत लेखी अर्ज केला तर कर्ज ठरलेल्या दरावर नेता येतं. हप्ता वाढेल, पण एवढा नाही. हे पत्रकाच्या मागच्या पानावर छापलेलं आहे. तुझी मुदत मे अखेर संपते. पण माझ्या शब्दावर अर्ज करू नकोस. मामीने त्या फीवाल्या बाईंना फोन केला, तुमची सोमवारची वेळ घेतली आणि फी भरली. कागद त्यांना दाखव. जावईबापूंना सांग की ते बरोबर होते.

मास्तरीणबाईंनाही आजच सांग. त्यांच्यापुढे अजून भरपूर वेळ आहे.

मामा


४ मे २०१८

मामा,

पाच आठवडे.

सोमवारी आम्ही त्या बाईंकडे गेलो. तुम्ही लिहिलंत ते बरोबर निघालं, अर्ज दिला. घर राहील. हप्ता पाचव्या हिश्श्याने वाढेल, रविवारचं काम यांना वर्षभर करावं लागेल. तुमचं पत्र त्यांनी वाचलं, घडी घालून मला दिलं आणि म्हणाले, ‘चल, अर्जाला फोटो लागेल.’ त्यांनी मला एकदा तरी बोलून घ्यावं असं वाटतंय. ते बोलत नाहीत.

मास्तरणीने एकवीस एप्रिलला घर विकलं. बिल्डरनेच कमी भावात परत घेतलं. जूनपासूनचा हप्ता तिच्या पगारात बसत नव्हता, आणि एकही हप्ता चुकायच्या आत आपण बाहेर पडायचं, असं तिने ठरवलं. दुसरी कोणी असती तर दोन महिने रेटून नेले असते, उसनंपासनं केलं असतं, आणि तेवढ्यात तुमचं पत्र आलं असतं. तुमचं पत्र आलं तेव्हा तिची सही होऊन आठवडा झाला होता.

हे वाचून तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे. वाटू दे. मला तुमचा इतका राग आला की पहिल्या दिवशी मी चार पानं लिहिली. ती फाडली, कारण चौथ्या पानावर मी मास्तरणीपर्यंत पोचले आणि पुढे लिहवेना.

तुम्ही मला एक निरोप दिला होतात. तिने त्या बाईंकडे जावं, तुमच्या भरवशावर राहू नये. तो मी दिला नाही. मी तुम्हाला खोटं लिहिलं. डब्याच्या खोलीत मी तेव्हा ‘बँकवाल्या मामांची भाची’ झाले होते, बाकीच्या तेरा जणी माझ्यासाठी बाकावर जागा ठेवायच्या. ज्या मामांचं पत्र भिंतीवर लावलं तेच म्हणतात माझ्यावर विसंबू नका, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? मी तिला म्हटलं, ‘मामांना तुझं सगळं कळवून विचारलं. तुझ्यासाठीही हेच योग्य आहे म्हणाले.’ तिने विचारलं, ‘नक्की? आई आहे म्हणून सांगितलंस ना?’ मी म्हटलं, नक्की.

काल तिच्याकडे सगळं सांगायला म्हणून खाली गेले. ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती, महिनाअखेर जागा सोडायचीय. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘बरी आलीस. मामांना एक विचारशील का, भाड्याच्या करारात काय काय बघायचं असतं?’ मी ‘विचारते’ म्हणाले आणि जिना चढून वर आले.

काय सांगू तिला?

ठमी


१२ मे २०१८

ठमे,

तुझं पत्र मामीनेच मला वाचून दाखवलं, मी तिला मध्येच थांबवलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. एकवीस तारखेला मी काय करत होतो ते आठवून बघितलं. काही करत नव्हतो. गॅलरीत बसलो होतो.

सोबत मास्तरीणबाईंसाठी एक पत्र आहे, ते त्यांना दे. आधी तू वाच. त्यात तुझा भाग मी लिहिलेला नाही. सगळं माझ्यावर घेता आलं असतं, लिहून बघितलंही, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पण ते आणखी एक खोटं पत्र झालं असतं. तुझं तू सांग. सांगितलं नाहीस तर मी तुला रागावणार नाही, तेवढा अधिकार माझा उरलेला नाही. पण मी एकतीस वर्षं थांबलो, आणि थांबल्याने ते सोपं होत नाही एवढं मी तुला खात्रीने सांगू शकतो.

मामा

(सोबतचं पत्र)

मास्तरीणबाई, नमस्कार.

आपली ओळख नाही. डब्याच्या खोलीतल्या भिंतीवर जे पत्र होतं ते लिहिणारा मी. मी बँकेत होतो, पण कर्जाशी माझा संबंध नव्हता. मी पाकिटं भरत होतो. त्या पत्रातला सल्ला मी एका जाहिरातीच्या कागदावरून उतरवला होता. ठरलेल्या दरावर जाण्याची सोय होती, ती मला मार्चमध्ये शोधून कळवता आली असती. लाजेपोटी मी पाच आठवडे गप्प बसलो. त्यात तुमचं घर गेलं.

माफी मागण्याइतका मी तुमच्या जवळचा नाही, तरी मागतो. जो तोटा झाला तो माझ्या पेन्शनीतून एकदम भरून निघणार नाही, दरमहा थोडा पाठवत जाईन. नको म्हणू नका, आणि म्हटलंत तरी पाठवीन.

भाड्याच्या कराराचं तुम्ही विचारलंत. मला त्यातलं काही कळत नाही. कळणाऱ्या माणसाकडे तुमच्याबरोबर येईन, तुमची हरकत नसेल तर. मला ऐकू कमी येतं, पण बारीक अक्षर वाचायला दुसरा चष्मा घेऊन येतो.


२२ मे २०१८

मामा, नमस्कार.

पत्र दिलं. तिने उभ्याने वाचलं, मग खोक्यावर बसून पुन्हा वाचलं. तिच्या आईने आतून विचारलं, ‘कोणाचं गं?’ ती म्हणाली, ‘एका गृहस्थांचं.’

मग मी माझा भाग सांगितला. उभ्यानेच सांगितला, कारण बस म्हणाली नाही. तुमचा निरोप काय होता, मी काय सांगितलं, तिने ‘नक्की?’ विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, सगळं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. भिंग उजेडात धरून बघते तशी बघत होती माझ्याकडे.

शेवटी म्हणाली, ‘तुझे मामा मला ओळखत नव्हते. तू ओळखत होतीस.’

मी रडले. तिने पाणी दिलं, पण ते तिने कोणालाही दिलं असतं. पैसे घेणार नाही म्हणाली, ते तुम्ही आणि ती बघा. कारखान्यात आता ती माझी भिंगं पूर्वीसारखीच तपासते, चूक असेल तर परत पाठवते, नसेल तर पुढे सरकवते. बोलत मात्र नाही. हे काल पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ मला ते बरं वाटलं नाही, तरी लिहून ठेवते.

तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, आणि या वेळी मी तो शब्दाशब्दाने देतेय. ‘मामांना सांग, शनिवारी दहाला या. करार तयार आहे, आपण दोघं त्या बाईंकडे जाऊन ओळ न् ओळ वाचू. तू येऊ नकोस.’

मी बस थांब्यावर येईन. तिच्या दारापर्यंत सोडीन. आत तुम्ही एकटेच जा.

ठमी